स्मारकाला अण्णांची अडचण

४ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

चार कागद पुढे घेऊन बसलो आहे. काका गेले! ही बातमी मला तुझ्याकडून नाही तर लांब्याकडून कळावी, याचं वाईट वाटलं. पण अशा वेळी माणसाला भान कुठलं, हे समजून घेऊन मी ते मनातून काढून टाकलं आहे. पुन्हा उल्लेख करणार नाही.

सोमवारी फिरून येताना काकांच्या दुकानाशी त्यांच्या हाताखालचा लांब्या दिसला. शटर अर्धं खाली. मी विचारलं, "काका कुठायत?" म्हणाला, "काका गेले." पुढेही तो काहीबाही बोलत होता, पण माझा डावा कान आता नावापुरताच उरला आहे आणि उजवा रस्त्याच्या बाजूला होता. शिवाय ते दोन शब्द ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला (त्यासाठी टाचा उचलाव्या लागल्या) आणि घरी आलो. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून हे पत्र.

दुपारी कलासंवर्धक मंडळाची तातडीची शोकसभा बोलावली. चिटणीस आणि सख्खा पुतण्या या दुहेरी नात्यानं मी बराच वेळ बोललो. "कोरणीच्या टोकावर उगवलेला सूर्य मावळला" हे वाक्य मला अगदी आपोआप सुचलं. लोक हेलावले. कोषाध्यक्ष तर मधेच उठून गेले. त्यांना सहन झालं नसावं.

सभेत ठरलं की काकांच्या दुकानातच त्यांचं स्मारक करायचं. आपल्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे चौकातले चषकवाले, सगळा खर्च उचलणार आहेत. चषकांवर, पदकांवर नावं टाकायचं संगणकाचं यंत्र गावात आणलं ते हेच. यंत्र आल्यावर काकांकडचं हातानं कोरायचं काम आटलं असं काही लोक म्हणतात. पण त्याच माणसानं काकांचं स्मारक करावं, केवढं मोठं मन!

तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. काकांचा एक फोटो (हसरा नको). मुलगी म्हणून तुझ्या आठवणी. आणि काकांचे शेवटचे शब्द. ते कलेविषयी असतील तर उत्तम. नसतील तर नुसता आशय कळव, शब्दांचं मी बघतो.

धीर धर.

तुझा दादा


९ फेब्रुवारी

दादा,

अण्णांचे शेवटचे शब्द, आत्ता मी हे पत्र लिहायला बसले तेव्हाचे: "चहात साखर घातलीस, का नुसतंच ढवळलंस?"

अण्णा गेले म्हणजे माझ्याकडे आले. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्याला आराम द्या सांगितलं. दुकानात राहिले तर ते काय आराम देणार, म्हणून मीच जाऊन त्यांना घेऊन आले. लांब्या तुला सांगत होता, "काका गेले चिमाताईकडे, थोडे दिवस." तुझा उजवा कान रस्त्याकडे नसता तर गावातला एक सूर्य मावळायचा वाचला असता.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी नोकरी सरत आली. अक्षर खाणारे, ओळ खाणारे पाहिले. अख्खा माणूस खाल्लेला पहिल्यांदाच पाहिला.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लपवणार कशी? तुझं पाकीट पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं होतं. आधी गंभीरपणे ऐकलं. मग विचारलं, "सभेला माणसं किती होती?" मग, "चषकवाला रडला का?" मग सूर्याचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. म्हणाले, "आणखी एकदा." म्हणाले, "गुंड्यानं तोंडावर कधी एवढं म्हटलं नाही. त्यासाठी मरायला लागतं हे आधी कळलं असतं तर..." आणि जे हसत सुटले, ते डोळ्यावरची पट्टी हलेल म्हणून मलाच ओरडावं लागलं.

तेव्हा आता हे पत्र मिळालं की चप्पल घाल आणि सगळ्यांना सांगून ये. लाज वाटली तर माझ्यावर ढकल. फोटो पाठवत नाही.

चिमी


१५ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. काका आहेत! मग नगराध्यक्षांचं पत्र वाचलं आणि पुन्हा पाणी आलं.

परिस्थिती शांतपणे समजून घे. नगरपालिकेकडे 'दिवंगत कलावंत स्मारक योजना' आहे. आपला प्रस्ताव त्यात एकमतानं मंजूर झाला. नगराध्यक्ष स्वतः अनावरणाला येणार आहेत. वर्तमानपत्रात चौकट छापून आली. बाजारपेठ अर्धा दिवस बंद होती. हयात कलावंतांसाठी पालिकेकडे काय आहे ते मी चौकशी करून पाहिलं. नुसतं प्रशस्तिपत्रक आहे, तेही कलावंतानं स्वतः अर्ज केला तर. म्हणजे काकांच्या हयातीमुळे त्यांच्याच सन्मानाला अडथळा निर्माण झाला आहे.

मी फक्त अध्यक्षांना विश्वासात घेऊन सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आनंदाची गोष्ट आहे. पण ती इतक्यात कुणाला सांगायलाच पाहिजे का?" किती व्यवहारी माणूस! त्यांचं म्हणणं एवढंच, की अनावरण होईपर्यंत काकांनी तुझ्याकडे आराम करावा. तसाही डॉक्टरांनी सांगितलेलाच आहे. नंतर योग्य वेळी योग्य शब्दांत खुलासा करता येईल.

सोबत स्मरणिकेची मुद्रितं पाठवतो आहे. तू तपासतेस तशी इथे कुणी तपासत नाही. एकच विनंती, काळ सगळीकडे भूतकाळच राहू दे. कुठे 'आहेत' दिसलं तर 'होते' कर.

दुकानाच्या घरमालकीणबाईंना भेटून आलो. फार रडल्या बिचाऱ्या. मूळ भाडेकरू हयात नसल्यामुळे जागा मंडळाच्या नावे करून द्यायला त्या तयार झाल्या आहेत. आता लांब्याला तेवढी जागा महिनाअखेर मोकळी करायला सांगितली आहे. तो हट्टाला पेटला आहे. म्हणतो, शाळेची पितळी घंटा अर्धी कोरून झाली आहे, ती उचलून कुठे नेऊ? कलावंतांच्या हाताखाली वावरलेल्या माणसाला स्मारकाचं मोल कळू नये, याचं मला नवल वाटतं.

तुझा,
दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

मुद्रितं परत पाठवत आहे. काळ तपासलेला नाही. एवढा भूतकाळ समोर बसून चहा पीत असताना माझ्याच्यानं ते होईना. बाकीचं तपासलं, आणि अण्णांनीही शेजारी बसून तपासलं. त्यांच्या दुरुस्त्या लाल शाईनं केल्यात.

पान तीन. "काकांनी महाराजांसाठी नामफलक कोरला." अण्णा म्हणाले, तो 'महाराजा' नावाच्या नळदुरुस्तीच्या दुकानाचा होता.

पान पाच. "त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द निघाला नाही." हे वाचून अण्णा मला म्हणाले, "हे माझ्यावर आहे ना? का चुकून दुसऱ्याचं पान आलं?"

पान सहा, कविता. कोरणी, करणी, धरणी, झरणी. झरणी म्हणजे काय ते कवीला विचारून कळव, नाहीतर काढते.

पान आठ, चषकवाल्यांचा लेख, 'मी त्यांचा मानसपुत्र'. तुला ठाऊक आहे का, हा मानसपुत्र एकदा पातळ कागद आणि शिसपेन्सिल घेऊन दुकानात आला होता? आठवण म्हणून ठेवायचंय असं सांगून त्यानं अण्णांच्या सगळ्या अक्षरांचे ठसे घासून नेले. थोड्या दिवसांनी त्याच्या यंत्रातून तीच अक्षरं बाहेर पडायला लागली. अण्णा लेख ऐकून म्हणाले, "मुलगा नाही म्हणता यायचं, पण वारसा घेऊन गेला खरा."

इथवर आम्ही दोघं मजेत होतो. मग मी तुझ्या पत्रातलं लांब्याचं वाचलं. अण्णांनी लाल पेन खाली ठेवलं. संध्याकाळी फक्त विचारलं, "घंटा कुठवर आलीय, लिहिलंय का त्यात?"

तू आठवणी मागितल्या होत्यास. घे. एक लांब खोली, उत्तरेला खिडकी, खिडकीला लागून मेज. मेजाला पोटाच्या जागी अर्धगोल कापलेला, त्यात अण्णा बसायचे आणि खाली चामड्याची झोळी टांगलेली असायची, पितळेचा कीस पडायला. मेजावर वाळू भरलेली चामड्याची गोल उशी. त्या उशीवर अंगठी असो नाहीतर पदक, ते ठेवून अण्णा पोलादी कोरणी लावायचे. आपल्याला वाटतं कोरताना हात फिरतो. हात जागेवर असायचा, ते उशी फिरवायचे. लहानपणी मी दारात उभी राहून बघायचे, आणि मला वाटायचं अण्णा काहीच करत नाहीत, वस्तूच त्यांच्यापुढे हळूहळू वळून आपलं नाव लिहून घेते आहे.

आणि हेही लिही स्मरणिकेत. कुणी संस्थेचा माणूस पदक घेऊन यायचा आणि पाहुण्यांच्या पदव्यांची लांबलचक माळ पुढे करायचा. अण्णा पदक बघायचे, माळ बघायचे आणि म्हणायचे, "एवढे मोठे गृहस्थ यावर मावणार नाहीत. गृहस्थ कमी करा नाहीतर पदक वाढवा." निम्मी गिऱ्हाइकं अशीच गेली. यंत्र कुणालाच काही विचारत नाही, म्हणून उरलेलीही तिकडे गेली.

लांब्या आला तेव्हा त्याच्या हाताला कामाची सवय नव्हती, आणि उंची इतकी की मेजाशी बसला की गुडघे फळीला लागायचे. अण्णांनी त्याच्यासाठी मेजाच्या त्या बाजूचे पाय उंचावून घेतले. आज त्याची दोन मुलं त्या मेजावर जेवतात. ती जागा रिकामी करून तू तिथे अण्णांची आठवण ठेवणार? अण्णांना आठवणीत ठेवायचं असेल तर लांब्याला तिथून हलवू नकोस. एवढंच कर. बाकी तुझ्या सभा, तुझे सूर्य, तुझं चालू दे.

चिमी


१ मार्च

प्रिय चिमे,

तू भावनेच्या भरात लिहिलंस, मी मनावर घेतलं नाही. लाल शाईच्या दुरुस्त्या छापखान्यात पोचेपर्यंत अंक छापून झाला होता. 'झरणी' तशीच गेली.

लांब्याची काळजी करू नकोस, त्याची उत्तम सोय केली आहे. तो स्मारकात मार्गदर्शक म्हणून राहील. गणवेश मिळेल. येणाऱ्या पाहुण्यांना काका कसे बसत, कसे कोरत, ते तो सांगेल. मात्र स्वतः कोरायचं नाही. ठकठक आणि कीस यांनी स्मारकाचं वातावरण बिघडतं.

रचना सांगतो. आतल्या अर्ध्या भागात काकांचं मेज, त्याच्याभोवती मखमली दोरी, मेजाशी बसलेला काकांचा प्लास्टरचा पूर्णाकृती पुतळा आणि समोर 'हात लावू नये' अशी पाटी. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात अध्यक्ष आपल्या चषकांचं छोटंसं विक्रीकेंद्र ठेवणार आहेत, स्मारकाला आधार म्हणून. घंटा तिच्या लाकडी घडवंचीवर आहे तशीच ठेवणार आहोत, अर्धी कोरलेली. शिल्पकार म्हणाला, अपुरं काम पाहून लोकांचा कंठ दाटून येतो. शाळेला अध्यक्ष दुसरी घंटा देताहेत.

शिल्पकाराची एकच अडचण आहे. त्याला काकांच्या नाकाचं माप हवं आहे. फोटोवरून नाकाचा अंदाज येत नाही म्हणतो. काका दुपारी झोपतात तेव्हा तुला दोऱ्यानं घेता येईल का?

अनावरण सोळा तारखेला सकाळी. नगराध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पालिकेच्या सांस्कृतिक समितीवर याल का?" मी नाही म्हणालो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभांची इतिवृत्तं लिहिली, चिमे. एकदा खुर्चीवर बसून पाहावं असं वाटतं. यात काही चूक आहे का?

दादा


५ मार्च

गुंड्या,

मी वारलेला असल्यामुळे थोडक्यात लिहितो.

चिमीनं तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, म्हणून उशीखालून काढून एका डोळ्यानं वाचलं. नाकाचं माप पाठवत नाही. ते माझ्याकडेच असू दे.

घंटा अर्धी ठेवायची नसते. घंटेवर शाळेचं नाव गोल फिरून जिथं सुरू झालं तिथं येऊन मिळावं लागतं. लांब्या एकटा ते करील, पण काठ वळतो तिथं दुसऱ्या माणसानं घंटा धरून फिरवावी लागते, आणि तुम्ही त्याला बसूच देत नाही म्हणे.

सभेत तू बरं बोललास असं ऐकलं. तू लहान असताना तुला दोन ओळी पाठ म्हणायला उभं केलं की घाम फुटायचा. तेव्हा मला वाटायचं, याचं कसं होणार. झालं.

तुझा समारंभ तू कर. मी माझं काम करीन.

काका


९ मार्च

प्रिय चिमे,

काकांचं पत्र मिळालं. "तुझा समारंभ तू कर" या त्यांच्या शब्दांनी मनावरचं दडपण उतरलं. असे आशीर्वाद नशिबात असावे लागतात! ते वाक्य मी अध्यक्षांना वाचून दाखवलं. तेही निश्चिंत झाले. शिल्पकारानं नाक अंदाजानं केलं आहे.

घाईत,
दादा


१९ मार्च
(मुलाच्या घरून)

चिमे,

मी गाव सोडून मुलाकडे आलो आहे. हवापालटासाठी, असं सुनेला सांगितलं आहे.

तू येऊन सगळं पाहिलंस की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाकडे मान वर करून पाहिलंच नाही. तेव्हा माझ्या बाजूनं काय झालं ते ऐक.

सकाळपासून मी व्यासपीठावर होतो. दुकानाच्या दाराशी मांडव, आत मेजापुढे निळा पडदा. टेम्पोतून पुतळा आला तेव्हा मी हारांच्या व्यवस्थेत होतो. लांब्या म्हणाला, "पुतळा आत ठेवून घेतलाय." आत म्हणजे मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, हे मला कसं कळणार? पडदा लावणाऱ्या माणसांनी आत वाकून पाहिलं. मेजाशी कुणीतरी वाकून बसलेलं आहे, डोळ्यावर भिंग आहे, समोर घंटा आहे, हलत नाही. त्यांनी पडदा लावला.

नगराध्यक्षांनी दोरी ओढली. टाळ्या. त्याच वेळी मी माझं भाषण सुरू केलं, कारण कार्यक्रमपत्रिकेत तसंच होतं. माझी पाठ दुकानाकडे, तोंड लोकांकडे. नंतर लोकांनी सांगितलं ते असं, की नगराध्यक्ष मखमली दोरी ओलांडून जवळ गेले आणि अध्यक्षांना म्हणाले, "वा! नाक तर अगदी हुबेहूब," आणि त्यांनी नाकाला बोट लावलं. तेव्हा पुतळा मान न वळवता म्हणाला, "समोर पाटी आहे. वाचता येत नाही का?"

अध्यक्ष मागच्या मागे चषकांच्या काचेच्या कपाटावर बसले. कपाट नवीन होतं.

चिमे, मला यातलं काहीही ऐकू आलं नाही. मी वाचत होतो, "काका आज आपल्यात नाहीत, पण त्यांची सावली या मेजावर आहे." समोर लोकांचे खांदे हलायला लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले. मला वाटलं, रडताहेत. मी आवाज चढवला. जितका चढवला तितके ते जास्त हलले. आयुष्यात माझ्या भाषणाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. मी सूर्य मावळण्यापर्यंत आलो आणि कुणीतरी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभं राहिलं. काका. हाताला पितळेचा कीस लागलेला. माझ्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "गुंड्या, बस आता. घसा सुकला असेल. पाणी पी."

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार?

नगराध्यक्ष मात्र मुरलेले. त्यांनी माईक घेतला आणि जाहीर केलं की हे देशातलं पहिलंच जिवंत स्मारक आहे आणि हा अनोखा सोहळा त्यांच्याच कल्पनेतून साकारला. पुन्हा टाळ्या. वर्तमानपत्रात तसंच छापून आलं आहे. फोटोत मी पेला घेऊन उभा आहे.

तू मला हसशील. हस. पण एक सांगतो, हे कुठल्याच ठरावात नोंदवलेलं नाही. त्या सोमवारी लांब्याच्या तोंडून "काका गेले" ऐकून मी घरी आलो तेव्हा मंडळ माझ्या डोक्यात नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो. जेवलो नाही. आपल्या घरातलं शेवटचं मोठं माणूस गेलं, आता आपल्याला गुंड्या म्हणणारं कुणी उरलं नाही, एवढंच वाटत होतं. मग दुपारी काय करावं सुचेना, म्हणून सभा बोलावली. मला दुसरं काही करता येत नाही, चिमे.

दादा


२० एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं नाही. नुसतं दिलं. दुकानात राहायला गेल्यापासून त्यांना दोन्ही डोळ्यांनी वाचता येतं. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. आता समारंभ माझ्या बाजूनं ऐक.

सोळा तारखेला मी उठले तर अण्णांची खाट रिकामी. पहिल्या गाडीनं निघून गेले होते. तुला फजित करायला गेले असं तुला वाटत असेल. मीही तसंच समजून भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, "मी कशाला फजित करू? गुंड्याच्या कार्यक्रमात सगळे बाहेर असणार, तेवढ्या वेळात काठ पुरा होईल असं लांब्यानं कळवलं होतं. पडदा कधी लागला ते मला कळलंच नाही, नुसता उजेड कमी झाला." नाकाला बोट लागलं तेव्हा लांब्या घंटेआड बसून ती फिरवत होता आणि कोरणी शेवटच्या अक्षरावर होती. हात घसरला असता तर शाळेचं नाव बिघडलं असतं, म्हणून ते ओरडले. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण सांगताना त्यांची मिशी हलत होती.

त्या सकाळी दुकानात शिरण्याआधी ते वरच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे गेले होते. बाईंनी दार उघडलं, किंचाळल्या, दार लावलं. मग पुन्हा उघडून खूप बोलल्या. मी तुमच्यासाठी एवढं रडले, त्याचं काय, असा त्यांचा मुद्दा होता. पण भाडेकरू समोर उभा असताना नवा करार कसला करायचा, हेही त्यांनीच म्हटलं. मंडळाचे कागद त्यांनी चषकवाल्यांना परत पाठवले.

तेव्हा दुकान वाचलं. घंटा शाळेत गेली. अण्णा माझ्याकडे परत आले नाहीत. मी त्यांच्यासाठी खिडकीशी नवी खुर्ची घेतली होती, तिच्यावर आता मी धुतलेले कपडे टाकते. दीड महिना घरात कुणीतरी माझ्या चहाला नावं ठेवत होतं, त्याची किती लवकर सवय लागते! रविवारची गाडी धरून जाते त्यांना भेटायला.

आता दुकानाबाहेर पालिकेनं फलक लावलाय, 'जिवंत स्मारक'. फलक चषकवाल्यांच्या यंत्रावर केलेला. लोक येतात. बाहेरगावचे येतात. दारात उभे राहून फोटो काढतात, "कला टिकली पाहिजे" म्हणतात आणि चौकात जाऊन चषकावर यंत्रानं नाव टाकून घेतात. परवा एक बाई अण्णांच्या पाया पडून गेल्या. लांब्यानं विचारलं, "काही कोरायचंय का?" तर म्हणाल्या, "छे छे, नुसतं दर्शन." मार्गदर्शकाचा गणवेश त्यानं पितळ पुसायला घेतलाय. चांगलं कापड आहे म्हणतो.

गेल्या रविवारी मी तिथं असताना घरमालकीणबाई खाली आल्या. हातात त्यांच्या दारावरची पितळी पाटी, स्क्रूंसकट काढलेली. नवऱ्याच्या नावाची. ते जाऊन किती वर्षं झाली, तरी दारावर तेच होते आणि टपाल, वीजबिल, पाहुणे, सगळं त्यांच्याच नावानं यायचं. बाई म्हणाल्या, "ही ठेवून द्या आणि मला नवी करून द्या. माझ्या नावाची."

अण्णांनी उशी पुढे ओढली. "काय घालायचं?"

"म्हणजे? माझं नाव."

"तेच विचारतोय. काय नाव?"

दादा, अण्णांनी लांब्याकडे पाहिलं, लांब्यानं माझ्याकडे. इतकी वर्षं अण्णा त्यांच्या जागेत बसलेत. लांब्या बसलाय. मी लहानाची मोठी झाले. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही घरमालकीणबाई म्हणत आलो, त्या ओ देत आल्या. बाईही जरा थांबल्या, जणू कुठे ठेवलंय ते आठवत होत्या. मग सांगितलं. अगदी लहानसं नाव आहे, तीन अक्षरांचं. मी इथं लिहीत नाही, तू येऊन वाच.

घंटेवरची अक्षरं मोठी होती, बारीक काम अण्णांच्या डोळ्याला अजून झेपत नाही, तेव्हा लांब्यानं कोरलं आणि अण्णांनी पाटी धरून फिरवली. बाई स्टुलावर बसून होत्या. पदव्या नाहीत, 'श्रीमती' नाही, नुसतं नाव, तेव्हा वेळ काही लागला नाही. लांब्यानं कीस फुंकला, पाटी वर नेऊन लावली आणि आम्ही खालीच थांबलो.

बाई रस्त्यावर गेल्या. समोरच्या फुटपाथवरून त्यांनी वर गॅलरीतल्या आपल्या दाराकडे पाहिलं. मग जरा मागे सरकल्या आणि पुन्हा पाहिलं. एक सायकलवाला घंटी वाजवत थांबून राहिला होता, त्याला त्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "वाच बरं, काय लिहिलंय?"

त्यानं मोठ्यानं वाचलं.

"हो," त्या म्हणाल्या, "मीच ती."

चिमी